मराठ्यांच्या देशातली घोरपड

आमच्या घरातली घोरपड मुळात घोरपड नव्हतीच. घरात हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि माझ्या धाकट्या भावाला. अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ठाऊक नव्हतं. मी कुंभकोणमच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. सरपटणाऱ्या प्राण्यांची वर्गवारी फळ्यावर लिहून देण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे भावाला एक वेळ माफी आहे, मला नाही.

तो प्राणी होता इग्वाना. दक्षिण अमेरिकेतला, झाडपाला खाणारा मोठा सरडा. चेन्नईत भावाने तो आपल्या मुलीच्या हट्टापायी कुणा माशांच्या टाक्या विकणाऱ्याकडून आणला होता. पुढच्या दाराने मासे आणि मागच्या दाराने काय वाट्टेल ते, असलं ते दुकान. मग भावाला परदेशी नोकरी लागली आणि एका सकाळी तो गाडीतून एक खोकं घेऊन कुंभकोणमला हजर झाला. महिनाभर ठेवा म्हणाला. त्याचा महिना किती दिवसांचा असतो ते मला लहानपणापासून माहीत आहे.

अप्पा परदेशी बिस्कीटसुद्धा घरात येऊ देत नसत. हा प्राणी कुठला, असं त्यांनी विचारल्यावर भावाने माझ्याकडे बघत, मुळीच न अडखळता सांगून टाकलं, "घोरपड आहे, अप्पा. महाराष्ट्रातली."

आमच्याकडे घोरपड म्हटलं की काय होतं ते सांगायला हवं. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर तंजावरकडे आले. तीनशे वर्षं उलटून गेली, परत कुणी गेलं नाही. अप्पांनी महाराष्ट्र पाहिलेला नाही. पण आपला मूळपुरुष घोरपडीच्या कमरेला दोर बांधून तिला किल्ल्याच्या कड्यावर चढवायचा, आणि मग त्या दोराने माणसं वर जायची, हे ते काल घडल्यासारखं सांगत. कुठलाही सरडा माणसाचं वजन पेलू शकत नाही, असं मी एकदा बोलून पाहिलं होतं. त्यावर त्यांनी मला विचारलं की तू त्या वेळी होतीस का.

अप्पा खोक्यात बघत राहिले. आमच्या भागातली घोरपड, जिला तमिळमध्ये उडुंबू म्हणतात, ती त्यांनी जन्मभर पाहिलेली. साक्कोट्टैकडच्या शेतांच्या बांधांवर अजूनही दिसते, मातकट रंगाची, लांब मानेची. ही हिरवीगार, पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबणारी कातडी. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. अप्पांची उलट खात्री पटली.

"उडुंबू हितलं जनावर," ते म्हणाले. "ही आमच्या देशाची. वेगळी दिसणार की!"

भावाने मला डोळा मारला. मी गप्प बसले. त्या क्षणी तरी ती मला थट्टाच वाटली, आणि शिवाय आई गेल्यापासून चार वर्षांत अप्पांच्या आवाजात असा उत्साह मी ऐकला नव्हता. आई गेल्यावर त्यांनी पोस्टातल्या जुन्या मित्रांकडे जाणं सोडलं होतं. सकाळी खुर्चीत बसत ते जेवायला उठत. मी कॉलेजातून आले की ते मला वेळ विचारत आणि मी सांगितली की मान हलवत, एवढाच आमचा संवाद उरला होता. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, देवळांत नेलं, तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या गणपतीसमोर उभं केलं. ते मुकाट्याने येत आणि मुकाट्याने परत येत.

घोरपड आली आणि म्हातारा कामाला लागला. (त्यांना म्हातारा म्हटलेलं त्यांना आवडत नसे, म्हणून मी मुद्दाम म्हणायचे.) सुताराला बोलावून गच्चीवर जाळीचं मोठं घर करून घेतलं. आत आडव्या फांद्या, अर्ध्या भागावर सावली. नाचियार्कोविलला बसने जाऊन तिथल्या दिवे करणाऱ्याकडून पाणी प्यायला पितळेचं पसरट भांडं घडवून आणलं. त्या कारागिराने कुठल्या देवाची पूजा म्हणून विचारलं, तर अप्पांनी त्याला पूर्ण किल्ल्याची गोष्ट ऐकवली आणि परतीची बस चुकवली. रोज सकाळी देवासाठी जास्वंद तोडायची आणि आधी घोरपडीपुढे धरायची, मग देवापुढे. शेवग्याचा पाला, कोवळी भेंडी, पपई. ती फूल अगदी हळू तोंडात घ्यायची. बोटांना दात लागू द्यायची नाही.

"कसं खाती बघ पोरी," ते मला म्हणायचे. "दरबारातलं जनावर."

मी बघायचे. वर्गात मुलींना सांगायचे की रानातला प्राणी घरात कोंडणं हा गुन्हा आहे, विकत घेणारा आहे म्हणून पकडणारा आहे, एक जिवंत पोचतो तेव्हा वाटेत किती मरतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही, विमानतळावर बॅगेत पाय चिकटपट्टीने बांधलेले सरडे सापडतात. सगळं खरं आहे, आजही मी तेच सांगते. आणि संध्याकाळी घरी येऊन गच्चीवर अप्पांच्या शेजारी बसून त्या सरड्याच्या पाठीवर पाणी शिंपडायचे. ढोंगी म्हणायचं तर म्हणा. मी स्वतःला रोज म्हणत होते, पण त्याने काही अडलं नाही. असं दीड वर्ष चाललं.

मग आयुधपूजा आली. आमच्या गावात त्या दिवशी ज्याच्या जगण्याला जे हत्यार लागतं त्याला हळदकुंकू लागतं. कात्री, विळी, शिलाई मशीन, स्कूटर, माझा लॅपटॉपसुद्धा. अप्पांनी सगळं मांडून झाल्यावर घोरपडीला खाली आणलं आणि पाटावर ठेवून तिच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं. मूळपुरुषाचं हत्यार तेच, मग पूजा नको का तिची? तीही शहाण्यासारखी बसून राहिली. शेजारची मंडळी सुंडल घ्यायला आली होती, प्रसादाचे उकडलेले चणे. त्यांच्यातल्या कुणीतरी फोनवर फोटो काढला. मी हसत होते त्या फोटोत. मागे उभी, हातात आरतीचं ताट.

आठवड्याने स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राच्या बाईंनी तोच फोटो माझ्यापुढे धरला. कुठकुठून फिरत त्यांच्यापर्यंत आला होता. "हे तुमचं घर ना? हे चालतं का कायद्यात?" असं त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. खरं सांगते, मला आधी अप्पांची आठवण झाली नाही. माझ्या विद्यार्थिनींनी हा फोटो पाहिला असेल का, हे आधी डोक्यात आलं.

कायदा असा आहे की असले परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने सरकारकडे नोंद करायची आणि कुठून आणले ते सांगायचं. नोंदीची मुदत आमची कधीच टळून गेली होती. देशी घोरपड मात्र कुणालाही, कसलाही कागद करून, पाळता येत नाही. तिला वाघाइतकं संरक्षण आहे. ती घरात सापडली तर सरळ तुरुंगाची गोष्ट.

त्या संध्याकाळी भावाला फोन केला. आम्ही तासभर भांडलो.

"गप राहा," तो म्हणाला. "फोटो चार दिवसांत लोक विसरतात. तू तिला वनखात्याकडे नेऊन देशील, आणि मग ती लोकं तिला कुठे ठेवणार? ती जंगलात जन्मलेली नाही गं, खोक्यात जन्मलीय. तिचं जंगल म्हणजे अप्पांची गच्ची. महिन्यात मरेल ती."

"असं म्हणूनच तर हा धंदा चालतो," मी म्हटलं. "आणली ती आणली, आता राहू दे. तूही असाच विकत आणलास ना? तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून ती पेट्यांत भरून येतात."

"मान्य. मी चुकलो. पण माझ्या चुकीची शिक्षा तिला कशाला? आणि अप्पांना?"

मी आवाज चढवला. म्हटलं, कायदा म्हणजे कायदा, आणि आपणहून सांगितलं तर कदाचित तिला अप्पांकडेच ठेवायची परवानगी मिळेल, निदान मरेपर्यंत. हे मी कुठे वाचलं नव्हतं. मला तसं वाटायला हवं होतं म्हणून वाटलं.

अप्पांना मी फक्त एवढंच सांगितलं की नवा नियम आला आहे, नोंद करावी लागेल. त्यांनी लगेच तयारी दाखवली. उलट त्यांना अभिमान वाटला, सरकारदरबारी घराण्याच्या घोरपडीची नोंद होणार म्हणून. ऑनलाइन अर्जावर त्यांचा विश्वास नव्हता. पोस्टातला माणूस, तो पत्रच लिहिणार. दोन दिवस बसून त्यांनी वनखात्याच्या कार्यालयाला शुद्ध, वळणदार तमिळमध्ये तीन पानी पत्र लिहिलं. फौज, दोर, किल्ला, आयुधपूजा, सगळं त्यात होतं. आणि पहिल्याच ओळीत होतं: आमच्या घरी मराठ्यांच्या देशातलं एक उडुंबू आहे.

पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. हे मी पुन्हा लिहिते, कारण सगळं त्यातच आहे. मी प्राणिशास्त्राची प्राध्यापक, आणि त्यांनी ते पत्र मला वाचायला दिलं. एक शब्द खोडायचा होता. पण तो खोडायचा म्हणजे अप्पांना समोर बसवून सांगायचं, की ही घोरपड नाही, मराठ्यांचा आणि हिचा काही संबंध नाही, तुमच्या मुलाने तुम्हाला बनवलं आणि मी दीड वर्ष मजा बघितली. सकाळची वेळ, कॉलेजची बस समोर. मी मनाशी म्हटलं, प्राणी बघितल्यावर त्यांना कळेलच की. "चांगलं लिहिलंय," म्हटलं आणि निघाले.

पत्र गेल्यावर चौथ्या दिवशी वनखात्याचे लोक आले. मी वर्गात होते. घरी आले तेव्हा गच्चीवरच्या जाळीचं दार उघडं होतं आणि अप्पा खाली खुर्चीत, हातात चष्मा.

"नेलं तिला," ते म्हणाले. "भाजीचं खोकं घेऊन आलते. वर गोणपाट. मी सांगटलं तेंना, फुलं खाती मणून. जास्वंद, शेवगा, अंडं देऊ नका मणून सांगटलं. हसले ते. मंटले, ताता, उडुंबू कुठं फुलं खातंय का?"

ताता म्हणजे आजोबा. त्यांनी अपमान केला नव्हता. सरकारी पत्रात स्वतःच्या हाताने उडुंबू लिहून देणारा आणि ते फुलं खातं म्हणणारा म्हातारा, त्यांनी तरी काय समजावं? कुणी कधी पाहिला नाही असला परदेशी प्राणी ओळखणं त्यांच्या रोजच्या कामात नव्हतं. कागदावर जे लिहिलं होतं तेच त्यांनी नेलं, आणि कागदावर लिहिलेल्या प्राण्याला जे खायला घालतात तेच तिला घातलं. कच्ची अंडी, खिमा. मी त्यांना दोष देत नाही. दोष द्यायला मला दूर जावं लागत नाही.

मी दुसऱ्याच दिवशी वनखात्यात जायला हवं होतं. गेले नाही. त्यांचे जनावरांचे डॉक्टर येतील, ते ओळखतील, आपल्याला काही बोलावं लागणार नाही, असं म्हणत राहिले. त्यांचे डॉक्टर रजेवर होते, हे मला नंतर कळलं. मी विचारलंच नव्हतं. अप्पा रोज विचारत, काही कळलं का, आणि मी म्हणत असे, चौकशी चालू आहे. हेही खोटं. आमच्या घरात त्या दिवसांत खरं फक्त तेच बोलत होते.

तिसऱ्या आठवड्यात अप्पांना बोलावणं आलं. कागदात कलमं होती. संरक्षित प्राणी बेकायदा ताब्यात ठेवल्याबद्दल खुलासा. एक्क्याऐंशी वर्षांचे माझे वडील धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून तयार झाले. त्यांना वाटत होतं, आता ती परत मिळणार. पिशवीत त्यांनी जास्वंदीची फुलं घेतली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून.

अधिकारी तरुण होता, शांत. त्याने अप्पांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग त्याने समजावून सांगितलं की उडुंबू पाळणं हा फार गंभीर गुन्हा आहे, आणि त्यांनी स्वतःच लेखी कबूल केलं आहे, त्यामुळे त्याच्याही हातात फारसं काही नाही. अप्पा ऐकत होते. त्यांनी पुन्हा मूळपुरुषापासून सुरुवात केली. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मी बोलले. तमिळमध्ये, वर्गात बोलते तशी, एका दमात. हे उडुंबू नाही. हा इग्वाना आहे, दक्षिण अमेरिकेतला. माझ्या भावाने चेन्नईत विकत घेतला. वडिलांना काही माहीत नाही, त्यांना फसवलं आहे. हा फक्त पाला खातो. हा भारतातला प्राणीच नाही, महाराष्ट्राशी याचा काडीचा संबंध नाही. मी फोनवर पुस्तकातली चित्रं काढून दाखवली. अधिकाऱ्याने ती पाहिली, स्वतःकडचे फोटो पाहिले आणि उठून लगेच कुठेतरी फोन लावला. मला एवढं आठवतं की तो फोनमध्ये म्हणाला, अंडी बंद करा, आत्ताच्या आत्ता.

अप्पा माझ्याकडे वळले. त्यांनी मराठीत विचारलं, अगदी हळू, "आमचं नव्हे का ते?"

अधिकारी फोन ठेवून आमच्याकडे बघत होता. त्याला कळायला हवं होतं, त्याच्यासमोर काही लपवतो आहोत असं वाटता कामा नये, म्हणून मी त्यांना तमिळमध्येच उत्तर दिलं. नाही, अप्पा. आपलं नाही.

त्यांनी मान हलवली. पिशवी टेबलावर ठेवली. मग अधिकाऱ्याने सांगितलं तिथे सही केली, की मला या प्राण्याबद्दल माहिती नव्हती आणि त्यावर माझा हक्क नाही.

त्यांच्यावरचं ते मोठं कलम गेलं. भावाच्या नावाने एक नोटीस निघाली, ती त्याच्या बंद फ्लॅटच्या दाराला लागली असेल. आठ दिवसांनी त्या अधिकाऱ्याचा फोन आला. इग्वाना मेला, म्हणाला. मांसाचं खाणं त्याच्या मूत्रपिंडांना सोसलं नाही. त्याने माझी माफी मागितली, मॅडम म्हणून. भाऊ महिन्यात म्हणाला होता. बरोबर महिना झाला होता. आणि मी जे जे बोलले होते, धंद्याबद्दल, कायद्याबद्दल, तेही एक अक्षर चुकीचं नव्हतं. दोन्ही बरोबर असून ती मेली, यातून मला बाहेर पडता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.

अप्पांना मी मराठीत सांगितलं, त्यांच्या पायाशी बसून. म्हटलं, अप्पा, गेली ती.

"घोरपड असती तर जगली असती," ते म्हणाले.

ते माझ्याशी मराठीत बोललेलं शेवटचं वाक्य. रागावले नाहीत, अबोला धरला नाही. जेवतात, औषध घेतात, मी विचारलं तर उत्तर देतात, पण तमिळमध्ये. घराच्या उंबऱ्याआत आमच्यात तमिळ कधीच नव्हतं, ते बाजारासाठी, ऑफिससाठी, बाहेरच्यांसाठी. भावाचा फोन आला की त्याच्याशी ते अजून मराठीत बोलतात, तिकडे बर्फ पडला का, पोर जेवते का. खोटं त्याने सांगितलं होतं. खरं मी सांगितलं.

काल कॉलेजातून आले. ते स्वयंपाकघरातून बाहेर आले, मला दारात पाहिलं आणि समोरच्या घरातल्या बाईंना विचारावं तसं, आदराने, विचारलं, "काप्पि साप्पिडरीङ्गळा?" कॉफी घ्याल का?

मी हो म्हटलं. तमिळमध्ये.